टिक करायच्या आधी

मॅडम, ते दोन्ही चौकोन अजून रिकामेच आहेत.

लॅपटॉप उघडते, बघते, मिटते. अंगणात जाऊन येते, गोठ्यापर्यंत जाऊन येते. धान घरात येऊन पडलंय, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्यात, आमच्या एकोडी गावात सध्या कुणालाच कसली घाई नाही. घाई फक्त मला आहे आणि तीही नेमकी कसली ते धड सांगता येत नाही. आई काल म्हणाली, "एका जागी बस न माय. तुले पाहू पाहू मलेच चक्कर येऊन राहिली." बसले. पुन्हा उठले. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "एवढी भिंगरी काहून झाली? उद्या पेपर आहे का तुहा?" पेपरच आहे, मॅडम. एकच प्रश्न आहे, दोनच पर्याय आहेत, आणि सुपरवायझर हॉल सोडून निघून गेल्यात.

आईला मी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. म्हणाले, आई, अमेरिकेत एम.एस.ला अर्ज करायचा तर शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. माझं मुख्य पत्र वनस्पतीशास्त्राच्या मॅडमचं. ते त्यांनी थेट तिकडे पाठवायचं, मी मध्ये यायचं नाही. पण तिकडचा कायदा असा की एकदा प्रवेश झाला की विद्यार्थी म्हणू शकतो, माझ्याबद्दल काय लिहिलं ते मला दाखवा. म्हणून अर्जातच विचारून घेतात, हे पत्र बघायचा हक्क तुम्ही सोडता का? एक चौकोन 'सोडते', एक चौकोन 'सोडत नाही'. टिक केल्याशिवाय पत्र पाठवायची लिंकच पुढे जात नाही. सगळे 'सोडते'वर टिक करतात, कारण मुलगी बघणार नाही म्हटलं की शिक्षकानं मनात होतं ते मोकळेपणानं लिहिलं असेल, असं तिकडच्यांना वाटतं. आईनं सुपातले खडे वेचता वेचता सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग मॅडम काय म्हने?"

तिथेच तर गाडी अडली आहे.

आणि ती अडवली माझ्याच तोंडानं. तुम्ही त्या दिवशी प्रयोगशाळेत बरण्या धूत होतात. मी मोबाइलवरून तो प्रश्न इंग्रजीत वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, "मराठीत सांग. नळाच्या आवाजात मले इंग्रजी ऐकू येत नाई." मी बाबांबरोबर तहसीलच्या चकरा मारलेली मुलगी, सातबारा, फेरफार, वारसान हे शब्द मला झाडांच्या नावांआधी पाठ झालेले. आला तो शब्द बोलून मोकळी झाले.

"हक्कसोड आहे, मॅडम. हक्कसोडपत्रावानीच."

तुम्ही नळ बंद केलात.

"सही केली तू?"

"नाई अजून. सही नाई लागत, नुसती टिक करा लागते."

"करू नको."

"अवो मॅडम, सगळेच करतेत."

"सगळ्या बहिनीबी करतेत," तुम्ही म्हणालात, आणि हात पुसायचे विसरून तशाच स्टुलावर बसलात.

मी दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर काय झालं असतं, याचा विचार गेले काही दिवस डोक्यातून जात नाही. 'पत्र गोपनीय ठेवायचं आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही म्हणाला असतात, "बरं, ठेव," आणि पुन्हा बरणीत हात घातला असतात. पण आपल्याकडे हक्कसोड हा शब्द घरात येतो तो एकाच वाटेनं. बाप गेलेला असतो, मुली माहेरी आलेल्या असतात, आणि कुणीतरी कागद घेऊन ओट्यावर बसलेलं असतं. मला तो शब्द कागदावरून ठाऊक होता, तुम्हाला हातावरून.

"लाडू वाढून झाले, आन मंग कागद वाढला," असं सांगितलंत तुम्ही. तुमच्या वडिलांच्या तेरवीचं जेवण. शहापूरजवळ हायवेला लागून असलेलं वावर. तुम्ही नुकत्याच नोकरीला लागलेल्या, त्यामुळे सगळ्यांनी धरूनच चाललेलं की हिला जमीन कशाला. कागदावर लिहिलेलं, मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. तो 'स्वखुशीने' तुम्ही असा काही लांबवून उच्चारलात की मला हसू आलं, आणि तुम्ही हसत नाही आहात हे नंतर दिसलं.

"मी सोडलाच असता हक्क. लहान भाऊ आहे माहा. पन कोनी मले विचारलंच नाई. सही कुठं करा लागते, तेवढं बोट ठेवून दाखवलं."

"तुमचा भाऊ काई बोलला नाई?"

"तो लहान होता," म्हणालात, आणि पुन्हा नळ सोडलात.

भावानं नंतर साडी घेतली, मोरपंखी. ती मला पाठ होती. परीक्षेच्या पहिल्या पेपरला तुम्ही तीच नेसायचात, आम्ही वर्गात पैजा लावायचो. त्या दिवशी मला ती साडी कुठून आली ते कळलं आणि मी भोळेपणानं विचारलं, तरी नेसता तुम्ही? तुम्ही म्हणालात, "साडी चांगली आहे. साडीनं काय गुन्हा केला?"

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि मॅडम, ते किती छान भांडण होतं! मला आता ते भांडण हवं आहे. तुम्ही नाही मिळणार हे समजून घेण्याइतकी मी मोठी आहे, पण भांडण कुठे ठेवलंत?

मी म्हणायचे, हे जमिनीचं नाही, इथे कुणी कुणाला फसवत नाही. तुम्ही म्हणायचात, फसवत नाही तर लिहून कशाला घेतात. मी नागपूरच्या एका ताईचा हवाला द्यायचे. ती तिकडेच शिकते आणि आमच्यासारख्यांना फोनवर वाट दाखवते. तिनं निक्षून सांगितलं होतं, डोळे मिटून सोडून दे, नाहीतर त्यांना वाटेल की मुलगी शिक्षकांवर नजर ठेवून आहे. यावर तुम्ही जोरात हसलात. "नजर ठेवनारीच पोरगी आहे ही. हवं तर तसं लिहून देते मी."

बसस्टँडसमोर तर्री पोहे खाताना तुम्ही एकदा चमचा माझ्यावर रोखलात. "मले एक सांग. खरं मी लिहिन, आन डोळे तू कायले मिटून घेशील? तोंडावर बोलली नाई असं मी कागदावर काय लिहिनार आहे?"

"तेच तर म्हनून राहिली मी! तोंडावर तुमी कधी चांगलं बोलल्या का मले?"

हे बोलायचं नव्हतं. निघून गेलं. तुम्ही बराच वेळ पोहेच चिवडत बसलात आणि मग म्हणालात, "तर्री तिखट आहे आज." पाणी प्यायलात. मीही प्यायले. तर्री रोजच्यासारखीच होती.

पण खोटं नव्हतं ते. तुम्ही मला काय काय म्हणालात त्याची उजळणी करते तर हाती हेच लागतं: वाळवलेल्या पानाफुलांची माझी फाइल बघून, हे हर्बेरियम आहे का भाजीवालीची टोपली. अक्षर सुधार, नाईतर डॉक्टर हो. शिंगाड्याच्या तलावात गुडघाभर चिखलात उभी राहून मी एका पानाच्या नावावरून तुमच्याशी वाद घातला तेव्हा, "आधी बाहेर निघ, मंग चूक." आणि एकदाच, फक्त एकदा, बाबांपुढे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बाबा म्हणत होते की आता पुरे, पोरीचं पाहू. तुम्ही स्कूटीवर साकोलीहून एकोडीला आलात, आमच्या अंगणात बाजेवर बसलात, आईच्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलंत आणि उठताना बाबांना म्हणालात, "पोरगी भांडखोर आहे तुमची. शिकू द्या तिले." बाबांना वाटलं तक्रार केली. आठवडाभर मला बोलणी बसली. पण शिकू दिलं त्यांनी, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या पत्रात 'भांडखोर'ला इंग्रजीत काय लिहिलंत, मॅडम? सकाळपासून मनाशी शब्द लावून बघते आहे. एकही बसत नाही.

तर खरी गोष्ट अशी. पत्र बघणार नाही म्हटलं की त्याला वजन येतं, वगैरे सगळं मी तुमच्याशी तावातावानं बोलत होते, पण मला भीती वाटत होती. पत्रात तुम्ही वाईट लिहिलं असेल याची नाही. चांगलं लिहिलं असेल याची. मग मला ते वाचून तुमच्यासमोर उभं राहावं लागलं असतं, आणि कुठे बघायचं ते कळलं नसतं. हक्क सोडला की सुटले. तुम्ही हे ओळखलं होतं, मला पक्कं माहीत आहे, कारण त्यानंतर तुम्ही भांडणाची दिशाच बदललीत. म्हणालात, "पत्र मी कागदावर लिहिन, सही करीन, लिफाफा बंद करून तुह्या हातात देईन. मंग लिंक आली की तेच पाठवीन. तुले फोडायचा तर फोड, नाई फोडायचा तर नको फोडू, मले दोन्ही चालन. पन फोडायचा हक्क तुह्यापाशी पायजे. न वापरनं वेगळं, आन सोडनं वेगळं."

"आन त्याईनं माहा अर्ज बाजूले टाकला तर?"

मी पहिल्यांदा तुमच्यावर मात केली होती आणि मला अजिबात आनंद झाला नाही. कारण तो प्रश्न खराच होता, मॅडम. अजूनही खराच आहे. तुमचं म्हणणं ऐकून मी खूण केली आणि दार बंद झालं, तर ते माझं दार आहे. तुम्ही काठावर उभ्या राहून वाद घालत होतात, पाण्यात मी होते.

शेवटचा फोन तुमचाच. संध्याकाळी दिवेलागणीला.

"टिक करून राहिली का मंग?"

"उद्या करते. तारीख जवळ आली."

"कोनती?"

"पाहते."

"टिक करायच्या आधी मले फोन कर. माह्यं एक बोलनं राहून गेलं."

"आताच सांगा न."

"आता कुकर लावला आहे. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर ती बातमी आली. झोपेतच, म्हणाले. मी ती तुम्हाला पुन्हा सांगत नाही. पण मला राग आला होता हे सांगते. रडू नंतर आलं, आधी राग आला. कुकर लावला म्हणे! दोन शिट्ट्या उशिरा झाल्या असत्या तर वरण काय पळून जाणार होतं? एकटीसाठीचं वरण. काय राहून गेलं होतं बोलायचं? तुम्ही हार मानणार होतात का? 'तुह्यं भविष्य आहे, कर सोडतेवर टिक' असं म्हणणार होतात का? की तुमच्याकडे अजून एखादा मुद्दा होता, ज्यानं मी गारच झाले असते? दोन्ही बाजूंनी मीच बोलून बघते, आणि तुमच्या बाजूनं बोलताना दर वेळी हरते. तुमच्यासारखं मला जमत नाही.

तेरवीला साकोलीला तुमच्या घरी आले. पंगत बसली होती, लाडू वाढत होते, आणि मी वेड्यासारखी ओट्याकडे बघत होते की कुणी कागद घेऊन बसलंय का. कुणी नव्हतं. तुमचे भाऊ होते. तुम्ही बाळू म्हणायचात ते हे, हे मला त्यांच्या कपाळावरून कळलं, तुमचंच कपाळ. केस पार पांढरे. तुमची कॉलेजची पिशवी खांद्याला अडकवून ते घरभर फिरत होते. कुणीतरी ती काढून ठेवा म्हणालं तर त्यांना ऐकूच गेलं नाही.

"प्रणाली तूच का? ताईनं तुह्यासाठी ठेवलं होतं." पिशवीतून त्यांनी लिफाफा काढला. वर माझं नाव. मागे चिकटवलेल्या कडेवर आडवी तुमची सही, अर्धी झाकणावर, अर्धी खाली. "मी पाह्यलं नाई काई. तसंच आहे."

मी घेतला. ते गेले नाहीत. पिशवीचा बंद हातात गुंडाळत उभे राहिले.

"बेटा, ताई कधी... माह्याबद्दल काई बोले का?"

मॅडम, त्या क्षणी मला तुमची जागा कळली. माझ्याही मनात जणू एक शिफारसपत्र होतं, आणि ज्याच्याबद्दल ते होतं तो माणूस समोर उभा राहून विचारत होता. लाडू आणि कागद, स्वखुशीने, बोट ठेवून दाखवलं, सगळं माझ्या ओठापर्यंत आलं. आणि मी म्हणाले, "तुमी घेतलेली साडी खूप आवडे त्याईले. पहिल्या पेपरले तीच नेसत." त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथून निघावंच लागलं. मी खोटं बोलले नाही. पण सगळं बोललेही नाही. मग खरं म्हणजे नक्की किती, मॅडम? तुम्ही माझ्याबद्दल लिहिताना किती गाळलंत?

घरी आल्यावर आईनं लिफाफा देव्हाऱ्यात ठेवला. हळदकुंकवाचा करंडा उघडला तेव्हा मी लिफाफा उचलला, नाहीतर तुमच्या सहीवर कुंकू लागलं असतं आणि अमेरिकेपर्यंत गेलं असतं. तुम्ही हसला असतात. आता तो माझ्या टेबलावर आहे, तुम्ही दिलेल्या प्लांट प्रेसखाली, वाळत घातलेल्या पानासारखा. तिकडच्या ऑफिसला मी सगळं कळवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं, वाईट वाटलं म्हणाले, पत्रासाठी मुदत वाढवून दिली, आणि प्राचार्यांनी सोबत चिठ्ठी जोडून तुमचं पत्र पाठवलं तर चालेल असं लिहिलं. प्राचार्य तयार आहेत. "तू टिक कर, मले लिंक आली की पाठवतो," म्हणाले. सगळे तयार आहेत. चौकोन रिकामे आहेत.

आज दुपारी आई धान पाखडत होती. मी पुन्हा लॅपटॉप उघडला, आणि एकदम मला आठवलं की तुम्ही काय सांगितलं होतंत. टिक करायच्या आधी फोन कर. इतके दिवस कोणती टिक, कोणती टिक करत बसले, आणि तुम्ही सांगितलेलं साधं काम केलंच नव्हतं. मूर्खपणा आहे, कळत होतं. तरी लावला. मोबाइलवर तुमचं नाव आलं. रिंग गेली. मला वाटलं होतं बंद असेल.

"हॅलो, कोन?"

तुमचे भाऊ.

"काका, मी प्रणाली. लिफाफा दिला होता तुमी मले."

"हो बेटा, बोल. ताईले कोनाचा फोन येईन म्हनून चार्ज करून ठेवतो मी. येतेत. कोनाकोनाले माहीत नाई अजून."

"मले माहीत आहे, काका. पन त्याईनं म्हटलं होतं, आधी मले फोन कर. म्हनून केला."

"बरं केलं. सांग न मंग. काय सांगायचं होतं ताईले?"

मी पडद्याकडे बघत होते. दोन चौकोन. जे बोलेन ते करावं लागणार होतं, तुमच्या फोनवर बोलून मागे फिरता येत नाही. म्हणाले, "सांगा त्याईले, मी हक्क नाई सोडून राहिली."

बोलले आणि मग कळलं, हे मी कुणाला बोलले.

पलीकडून गाड्या ऐकू येत होत्या, एकामागून एक, जड गाड्या, हायवेच्या. ते वावरातच असणार. मी घाईघाईनं म्हणाले, "काका, ते जमिनीचं नाई, माह्या अर्जातलं आहे, ते पत्राचं..." पण त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"बरं केलं, बेटा," ते म्हणाले. "नको सोडू. कोनी कागदावर बोट ठेवून दाखवलं तरी नको सोडू." मग एक ट्रक गेला. "त्या दिवशी बोट माह्यंच होतं."

तुम्ही मला हे कधीच सांगितलं नाहीत. सगळं सांगितलंत, लाडू, कागद, साडी, आणि तेवढंच गाळलंत. 'तो लहान होता' म्हणालात आणि नळ सोडलात.

लिफाफा मी फोडलेला नाही. उद्या प्राचार्यांकडे तसाच देईन. पुढे कधी वाचीन का, ते माहीत नाही, पण ते ठरवणं माझ्याकडे आहे. काकांनी फोन ठेवला नव्हता, मीही नाही. तसाच कानाला धरून मी 'सोडत नाही'वर टिक केली, मॅडम. स्वखुशीने.